मधल्या राज्याचं मत

श्रावणातल्या रविवारी कुसगावचा माणूस घराबाहेर पडत नाही. पडून जाणार कुठं? धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांची रांग सकाळी नऊलाच लागते आणि दिवेलागणीपर्यंत जागची हलत नाही. रस्ता पाहुण्यांचा, घर तेवढं आपलं, अशी त्या दिवसांतली सरळ वाटणी. कुणी पत्ते कुटतं, कुणी गोधडीत शिरून झोप काढतं. कैलास केदारीच्या घरात मात्र आषाढापासून दर रविवारी दुपारी एक साम्राज्य चालायचं.

खेळ रेणुकानं आणला होता. रेणुका ओव्हाळ लोणावळ्याच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि कैलासच्या घरामागेच राहायची. तिचा लॅपटॉप कैलासच्या टीव्हीला जोडला की भिंतीवर नद्या वाहायच्या, डोंगर उठायचे, गावं रंग बदलायची. खेळणारे पाच, म्हणून राजे पाच. त्यांच्या वर एक सम्राट, तो कॉम्प्युटरनंच चालवलेला. तो मेला की पाचही राजांनी मतं द्यायची आणि आपल्यातल्याच एकाला सम्राट करायचं.

एवढंच असतं तर शेंबडं पोरही खेळलं असतं. पण त्या साम्राज्यात पंथ दोन. जुन्या पंथाचे लोक देवळादेवळांत मोठाल्या घंटा वाजवायचे. नव्या पंथाचे म्हणायचे, घंटा कशाला, देव काय बहिरा आहे? पोथी वाचा. एकाच्या मनासारखं केलं की दुसरा रुसायचा, रुसला की नकाशावर लाल व्हायचा, आणि लाल झाला की बंड ठरलेलं. खेळातली मूळ नावं कुणाच्याच जिभेवर बसेनात, तेव्हा कैलासच्या बायकोनं, सवितानं, बारसं केलं: हे घंटावाले, ते पोथीवाले. झालं.

राज्यं चिठ्ठ्या टाकून वाटली आणि तिथं चिठ्ठ्यांनीच चेष्टा केली. हौशीरामभाऊ, रेल्वेतले निवृत्त गार्ड, गावच्या देवळातली घंटा वाजवल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही, त्यांच्या वाट्याला आलं पोथीवाल्यांचं राज्य. पहिल्याच रविवारी त्यांना सत्तावीस देवळांच्या घंटा उतरवायचा हुकूम काढावा लागला. "पाप तुज्या माथी गं, रेणुका," असं म्हणत त्यांनी एका हातानं कान धरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. आणि रेणुकाचे वडील भिकाजीआबा, त्याच रेल्वेतले रूळ बदलणारे निवृत्त पॉइंट्समन, ज्यांच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली, त्यांना मिळालं घंटावाल्यांचं सगळ्यात कट्टर राज्य.

"काय भिकाजी," भाऊंनी डिवचलं, "जुनं सांबाळायचं तुज्याकडं आलं की रं!"

"सांबाळतो की," आबा म्हणाले. "माझा बाप नव्यात गेला तवा तुमच्या आळीतनं इचारायला कुनी न्हाई आलं, समदे सांगायलाच आले. माझ्या राज्यात तसं व्हनार न्हाई. कुनी पोथी वाचायला लागला तर मी आधी जाऊन इचारीन, बाबा, काय लिवलंय त्यात?"

भाऊंनी पाऊस आत येणारी खिडकी ओढून घेतली. मग म्हणाले, "सविता, च्या टाक."

सविताला नदीकाठचं पोथीवाल्यांचं राज्य मिळालं, रेणुकाला डोंगरातलं घंटावाल्यांचं. दोन इकडं, दोन तिकडं. उरलं मधलं. अर्धी गावं घंटेची, अर्धी पोथीची, आणि चारी बाजूंनी चार शेजारी. ती चिठ्ठी कैलासनं उघडली तेव्हा सगळे एकदम हसले, कारण चिठ्ठीनं माणूस बरोबर ओळखला होता.

कैलास तुंगार्लीतल्या अकरा बंगल्यांची देखरेख करायचा. मालक मुंबईला, किल्ल्या ह्याच्या कमरेला. शनिवारी तीन नंबरात कांदा-लसूण न खाणारं कुटुंब, चार नंबरात कोंबडीची पार्टी, पाचात कुणाचा तरी कडक उपास आणि सहात कुणाचं तरी त्याहून कडक काहीतरी. कोंबडीवाल्यांची शेगडी वाऱ्याच्या पलीकडं कशी सरकवायची, उपासवाल्या बाईंना साबुदाणा कधी पोहोचवायचा आणि सहावाल्या साहेबांचं गाणं पाचवाल्या मावशींच्या पूजेच्या आत कसं थांबवायचं, हे त्याला झोपेतही जमायचं. त्यानं कुणाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बोलण्याची सुरुवात "हो साहेब" आणि शेवट "आधी तुम्ही".

राज्यही त्यानं तसंच चालवलं. मुख्य पुजारी घंटावाला नेमला, तर दिवाण पोथीवाला. एकाच्या सणाला मिरवणूक, तर दुसऱ्याच्या मुलांना शाळा. बाकीच्या चौघांच्या राज्यांत बंडं झाली. हौशीरामभाऊंच्या तर चार झाली आणि चौथ्यात त्यांचा राजवाडा जळाला. कैलासचं मधलं राज्य मात्र खेळातली ऐंशी वर्षं हिरवंगार राहिलं, गणपतीच्या पुढ्यातल्या दुर्वांसारखं.

"दादा, हे खरंच सोपं नाही," रेणुका एकदा म्हणाली. "खऱ्या इतिहासात हे भल्याभल्यांना जमलेलं नाही."

ते वाक्य कैलासच्या मनात रुजलं. तसा तो काही मागणारा माणूस नव्हता. गावच्या उत्सव समितीत एकोणीस वर्षं तो सदस्य होता. मांडव तो घालायचा, वीज तो जोडायचा, शेवटची पत्रावळ तो उचलायचा, आणि फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, मार्गदर्शक यांच्या खाली, जिथं पाणी उडून चिखल लागतो तिथं, त्याचं नाव असायचं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण आता त्याला वाटायला लागलं की एकदा, एकदाच, त्या टीव्हीवर सगळ्यात वर मुकुटाशेजारी आपलं नाव उमटावं. खेळातलं का होईना. मागून मिळालेलं नाही, चार माणसांनी निवडून दिलेलं.

आणि म्हातारा सम्राट खोकायला लागला होता. वय वर्षं एक्क्याऐंशी.

"पुढच्या रविवारी जातोय तो," रेणुकानं सांगितलं. "मतदानाची तयारी ठेवा. नवा सम्राट आला की पहिलं काम पंथाचा कायदा, यादीतला किंवा स्वतः लिहिलेला. कुठं घंटा, कुठं पोथी, ते तो ठरवणार. पण पाचांतल्या तिघांची मान्यता लागेल."

कैलासनं आठवडाभर प्रचार केला. खेळातल्या मतासाठी खऱ्या चिखलातून हिंडला.

सोमवारी तो भिकाजीआबांच्या खाचरावर गेला. आबा इंद्रायणी भातातलं तण काढत होते. कैलासनं पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काही न बोलता दीड तास त्यांच्यासोबत वाकला. बांधावर बसल्यावर विषय काढला.

"आबा, मताचं काय?"

"तुलाच रं. तुज्याबिगार हाये कोन?" आबांनी बोटांवरचा चिखल गवताला पुसला. "पन माझ्या घंटांचं काय करशील?"

"तुमचंबी ऐकीन आबा, त्यांचंबी ऐकीन."

"व्हय व्हय," आबा म्हणाले आणि पुन्हा खाचरात उतरले.

मंगळवारी हौशीरामभाऊ देवळाच्या पायरीवर भेटले. भाऊ स्वतःच दुसरे उमेदवार, त्यामुळं कैलास जरा अडखळला. भाऊंनीच त्याला मोकळं केलं. "मी उबा हाये आपला, नावाला. वयानं मोटा. न्हाई उबा राह्यलो तर लोक म्हंतील भाऊ थकला. सम्राट व्हनार तूच. फकस्त एक ध्यानात ठेव." भाऊंनी आवाज खाली आणला. "सोताला मत देऊ ने मानसानं. पंगतीत बसून आपल्या हातानं आपल्याच पानात वाढून घ्यावं, तसं दिसतं ते."

"छ्या छ्या, भाऊ," कैलास म्हणाला. "आपल्याला शोभंल का ते?"

गुरुवारी रेणुका वह्या तपासताना सापडली. "मत तुम्हालाच, दादा. पण तुम्ही कायदा कोणता करणार, ते तरी सांगा."

"सगळ्यांना चालंल तो."

"म्हणजे कोणता?"

"म्हणजे... सगळ्यांना सांभाळून." रेणुकानं लाल पेन वहीवर टेकवलं, कैलासकडं बघितलं आणि एखाद्या मुलानं पानभर छान अक्षरात प्रश्नच परत लिहून ठेवावा, तसं हसली.

राहिली सविता. घरातलं मत घरातच असतं असं त्यानं धरलं होतं, तरी रीत म्हणून शनिवारी संध्याकाळी तिच्याजवळ बसला. ती तांदूळ निवडत होती.

"मग, राणीसरकार?"

"मग काय? माझं राज्य पोथीचं. हौशीरामभाऊ पोथीचे. माझे लोक म्हणतात त्यांनाच द्या."

"अगं, पण मी तुझा—"

"नवरा ना? खेळात नाही." तिनं सूप झटकलं, डोळे बारीक केले आणि लग्नातल्या नवरीसारखी मान वाकडी करून म्हणाली,

"इंद्रायणीच्या भातावर तुपाची धार,
कैलासराव सम्राट होणार,
पण आधी विचारणार शेजारी चार!"

"म्हणजे देणार ना?"

"बघू," सविता म्हणाली. पण ती हसत होती, आणि त्या हसण्याचा अर्थ लावायला कैलासला बावीस वर्षांचा सराव होता.

रविवारी दुपारी अडीच वाजता सम्राट गेला. खेळात शोकाचे नगारे वाजले, सवितानं सवयीनं पदर डोक्यावर घेतला आणि मग स्वतःलाच हसली. रेणुकानं टीव्हीची वायर काढली. लॅपटॉप एकटा मधल्या टेबलावर ठेवला. एकेकानं जायचं, मत दाबायचं, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. सत्तर वर्षांचे भाऊ आणि अडुसष्ट वर्षांचे आबा शेजारीशेजारी भिंतीला नाक लावून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. "मागं बगू नगंस," आबा म्हणाले. "तू धक्का दिऊ नगंस," भाऊ म्हणाले.

कैलासची पाळी शेवटची. तो टेबलाशी गेला. पडद्यावर दोन चेहरे होते: एक कैलासचा राजा, एक भाऊंचा. खाली लिहिलं होतं, आपलं मत द्या.

त्याचं बोट स्वतःच्या चेहऱ्याकडं निघालं आणि वाटेत थांबलं. मनाशी त्यानं मोजलं. आबा म्हणाले तुलाच. रेणुका म्हणाली तुम्हालाच. सविता म्हणाली बघू, म्हणजे हो. तीन तर इथंच झाली. भाऊ बिचारे नावाला उभे, स्वतःला मत देणार नाहीत, तसं तेच म्हणाले. म्हणजे चौथंही आपलंच. निकाल लागेल तेव्हा भाऊंच्या नावापुढं शून्य दिसेल. एवढा मोठा माणूस, आपल्याच घरी बसलेला, आपल्याच कपातला चहा प्यालेला, आणि पुढं शून्य? बरं दिसेल का ते? एक मत आपण दिलं तर काय बिघडतं? कळणार तर कुणालाच नाही.

असा विचार साऱ्या मावळात एकच माणूस करू शकला असता, आणि नेमका तोच त्या वेळी लॅपटॉपपुढं उभा होता.

त्यानं भाऊंच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि दाबलं.

"झालं!" तो म्हणाला. त्याला फार चांगलं वाटत होतं.

रेणुकानं वायर जोडली. टीव्हीवर तुताऱ्या वाजल्या. आणि मग, रेणुका सांगायला विसरली होती ते उलगडलं. मतदान गुप्त होतं, निकाल नव्हता. एकेक राजा पडद्यावर पुढं येत होता आणि आपण मत कुणाला दिलं ते घोषित करत होता.

डोंगरातली राणी, रेणुका: कैलास.

नदीकाठची राणी, सविता: कैलास. कैलासनं बायकोकडं पाहिलं. ती टीव्हीकडं बघत होती, पण तिच्या गालाला खळी पडली होती.

भिकाजीआबा: हौशीराम.

"आबा!" कैलास म्हणाला.

"थांब, फुडं बग," आबा म्हणाले.

हौशीरामभाऊ: हौशीराम.

"भाऊ?"

"नजरचुकीनं दाबलं ग्येलं," भाऊ छताकडं बघत म्हणाले.

दोन-दोन. मग मधल्या राज्याचा राजा पुढं आला. रेशमी झगा, हातात गुंडाळलेला कागद, चेहऱ्यावर भलतंच समाधान. त्यानं कागद उलगडला. हौशीराम.

मुकुट उडत उडत गेला आणि भाऊंच्या डोक्यावर बसला. फटाके फुटले.

पहिले हसले आबा. पोट धरून, खोकला येईपर्यंत. मग भाऊ. मग रेणुकाला आवरेना. "दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, का पण?"

"मला वाटलं, भाऊंना शून्य..." कैलास म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याचं त्यालाच ऐकवेना. तो आबांकडं वळला. "आणि आबा, तुमी तर तुलाच म्हणाला होतात. दीड तास तण काढलं मी."

"तन लय चांगलं काडलंस," आबा म्हणाले. "पन मी इचारलं, घंटांचं काय, तर तू म्हनलास ऐकीन. ह्यो हौश्या काय म्हनला ठावं हाये? म्हनला, तुज्या राज्यात घंटा चालू ठेवायचा कायदा करतो. बोलला! मानसानं कायतरी बोलावं तर खरं! तुज्याकडनं मला काय मिळालं? गोडवा!"

सविता हसत नव्हती. कैलासच्या ते उशिरा ध्यानात आलं.

"मी माझ्या लोकांचं नाही ऐकलं," ती म्हणाली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी निम्मी गावं लाल झाली त्यापायी. बघा, झाली की नाहीत. तुमाला मत दिलं. आणि तुमी स्वतःच तुमाला दिलं नाही." ती उठून आत गेली. कपांचा आवाज आला. रोज येतो त्यापेक्षा जरा मोठा.

कैलासनं टीव्हीवर बघितलं. नदीकाठची गावं खरंच लाल झाली होती. ऐंशी वर्षं सगळ्यांची मनं राखली आणि एक मन तेवढं विचारायचं राहिलं, असं त्याला वाटलं.

"चला, कायदा!" भाऊ हात चोळत म्हणाले. सम्राट झाल्यापासून ते खुर्चीच्या कडेवर आले होते. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "आयला, माझं लोक चिडल्यात. म्हंत्यात घंटा ठेवशील तर राजवाडा जाळू."

"परत?" रेणुकानं विचारलं.

"एकदा जळलाय बाई. आता न्हाई परवडत." भाऊंनी कायद्यांची यादी वरखाली केली आणि एकावर बोट ठेवलं. "हे बरं. साऱ्या साम्राज्यात पोथी. घंटा बंद."

आबा ताडकन उठले. "आरं, बोलला व्हतास!"

"बोललो व्हतो. पन मत पडायच्या आधी बोललो व्हतो."

"आनि म्हनं देवळातली घंटा वाजीवल्याबिगार च्या पीत न्हाई!"

"त्यो मी येगळा. ह्यो सम्राट हाये."

मान्यता घ्यायची वेळ आली. भाऊंची हो. आबांची आणि रेणुकाची नाही. सविता पदराला हात पुसत बाहेर आली, पडद्यावरचं सगळं शांतपणे वाचलं आणि हो दाबलं.

"सविता?" कैलास म्हणाला.

"माझ्या लोकांना हेच पायजे. एकदा त्यांना दुखवून झालं. दुसऱ्यांदा कुणासाठी दुखवू?"

दोन हो, दोन नाही. लॅपटॉप कैलासपुढं आला.

"दाब रं हो," भाऊ सहज म्हणाले. ते सुपारी शोधत होते, वर बघितलंही नाही. कैलास हो म्हणणार, हे त्यांच्या लेखी पावसाइतकं ठरलेलं होतं.

कैलासच्या डोळ्यांपुढं मधलं राज्य होतं. घंटेची निम्मी गावं, पोथीची निम्मी गावं, एकाच नदीचं पाणी. आणि बाजूला बायको, हाताची घडी घालून उभी.

"न्हाई, भाऊ," तो म्हणाला.

भाऊंची सुपारी हातातच राहिली. "काय न्हाई?"

"न्हाई म्हंजे न्हाई. हा कायदा मला मान्य न्हाई." आणि त्यानं दाबलं. ह्या खेपेला बोट वाटेत थांबलं नाही.

कायदा पडला. टीव्हीवर सम्राटाचा मुकुट एका बाजूला कलला.

"आरं तिच्या!" भाऊ उभे राहिले, त्यांनी खुंटीवरचा रेनकोट काढला. "मला सम्राट केलं कुनी? तू. आनि आडवं आलं कोन? तूच? मानसानं बोलावं तरी कुनाशी?"

"माझ्याशीच बोला," कैलास म्हणाला. "सम्राट मी केलंय तुमाला. मालक न्हाई केलं."

आबांनी मांडीवर थाप मारली. "हां! आसं!"

भाऊंनी एक बाही घातली, दुसरी राहिली. बाहेर पाऊस वाढला होता आणि गाड्यांचे हॉर्न वाजत होते. जायचं ठरवलं तरी जाता येण्यासारखं नव्हतं. ते परत बसले, एका बाहीनिशी. "बरं, मग तुला पायजे तरी काय?"

हा प्रश्न कैलासला आजवर कुणी विचारला नव्हता. अकरा बंगल्यांत हा प्रश्न तो विचारायचा. क्षणभर त्याला वाटलं म्हणावं, तुमाला काय पायजे ते. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. मग त्यानं सविताकडं पाहिलं. ती काहीच सुचवत नव्हती. ती फक्त थांबली होती, लग्नाआधी तो तिच्या घरी बघायला आला होता तेव्हा थांबली होती तशी, दाराच्या आड, हा आता काही बोलतो की नुसते पोहे खाऊन जातो ते बघत.

"लिही, रेणुका," तो म्हणाला. "ज्या राजाचा जो पंथ, तो त्याच्या राज्यात. पण दुसऱ्या पंथाच्या माणसाला हाकलायचं न्हाई, आणि पंथ बदल म्हणूनबी सांगायचं न्हाई. प्रत्येक राजधानीत एक गल्ली दुसऱ्यांची. तिथं सम्राटाचा शिपाई जाणार न्हाई."

"माझ्या राजवाड्याचं काय?" भाऊ कुरकुरले.

"तुमच्या बंडवाल्यांशी मी बोलतो. माझा पोथीवाला दिवाण पाठवतो, त्यांच्यातलाच हाये, त्याचं ऐकतील. आणि भाऊ, नदीकाठची गावं आधी शांत करायची. राजवाडा त्याच्यानंतर." सविताच्या भुवया वर गेल्या. त्याला आता थांबवेना. "आणि शेवटचं. सम्राटाच्या पुढं कोण, त्याचं नाव आत्ताच लावता येतं ना?"

"येतं," रेणुका म्हणाली. "वारस म्हणून. तिघांची मान्यता असेल तर."

पुढच्या एवढ्याशा वाक्यासाठी कैलासला चिखलात दीड तास वाकण्यापेक्षा जास्त बळ लागलं. "माझं लावा."

"कुनाचं?" आबांना ऐकू गेलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

"माझं. कैलासचं. मला सम्राट व्हायचंय. आषाढापासनं व्हायचंय." आणि एकदा तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर आणखी एक वाक्य बाहेर आलं, "समितीचं अध्यक्षबी व्हायचंय मला, पण ते नंतर बघू."

कुणी हसलं नाही. म्हणजे आबांच्या मिशा हलल्या, रेणुकानं खाली बघितलं, पण हसलं कुणी नाही. भाऊ, जे समितीचे अकरा वर्षं अध्यक्ष होते, ते राहिलेली बाही घालावी की घातलेली काढावी याचा विचार करत होते. शेवटी त्यांनी काढली.

"आसं सांगायचं व्हतं मंग," ते म्हणाले. "मला काय सपान पडनार हाये?"

"मी त्या कायद्याला हो म्हटलं नसतं, तर बोलायची पाळी तुमच्यावर आली असती का?" सविता कैलासच्या मागून जाताना त्याच्या कानाशी पुटपुटली. त्यानं मान वळवली तोवर ती बशा उचलून निघालीसुद्धा. पण आत गेल्यावर ती गुणगुणायला लागली, आणि चाल जात्यावरची होती, शब्द त्याच दुपारचे:

"दोन पंथ एका गावी, नदीला पानी एक
राजाला माझ्या आज, फुटला बाई बोल नेक."

"काय म्हनतीया?" भाऊंनी विचारलं.

"तुज्यासाटी न्हाई त्ये," आबा म्हणाले.

रेणुकाच्या कागदावरून भाऊंनी नवा कायदा मांडला. टीव्हीवर पाच कलमं उमटली, खाली वारसाचं नाव, त्याखाली मान्यतेची बटणं. आबांनी हो दाबलं, रेणुकानं हो दाबलं. सविता ओल्या हातानं आली, उलट्या बोटानं हो दाबलं, आणि नदीकाठच्या गावांचा लाल रंग उतरत चालला. तिघांची मान्यता झाली, चौथी भाऊंची स्वतःची. आता कैलासची नसती तरी चाललं असतं. तरी लॅपटॉप त्याच्यापुढं गेला.

"दाब आता," भाऊ म्हणाले. "समदं तुज्या मनासारखं झालंय."

कैलासनं खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला. पहिल्या कलमावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

"आता काय ऱ्हायलं?"

"तिसऱ्यात 'एक गल्ली' म्हटलं होतं मी. हितं 'एक घर' आलंय."

"भाऊ!" रेणुका म्हणाली.

"नजरचूक," भाऊ म्हणाले, आणि दुरुस्त केलं.

चहा आला. चौघांनी घेतला. कैलासचा कप त्याच्या कोपराशी तसाच राहिला, वर साय धरायला लागली.

"आरं, दाब की!"

"वाचतोय," कैलास म्हणाला, आणि बोट चौथ्या कलमावर नेलं.